गाडी चार-सहा महिने उभी ठेवायची असेल तर

गणपतीत गावी नेलेली मोटारसायकल शिमग्यापर्यंत पडवीत उभी राहते. पुण्याचं जोडपं सहा महिने मुलाकडे अमेरिकेला जातं आणि कार सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली असते. गाडी चालवली नाही म्हणजे ती झिजली नाही, अशी आपली समजूत असते. झीज थांबते हे खरं, पण गाडी फक्त झिजेनेच बिघडते असं नाही. उभ्या गाडीतही बरंच काही चालू असतं. बॅटरी आपोआप उतरते, पेट्रोल शिळं होतं, हवेतली ओल लोखंडाला लागते, टायरच्या एकाच भागावर सगळा भार राहतो. शिवाय उबदार, कोरडी, कुणी न हलवणारी जागा उंदरांना लगेच सापडते.

पंधरा-वीस दिवसांसाठी काही करावं लागत नाही. गाडी धुऊन, सुकवून, सपाट जागी लावली की झालं. महिना उलटणार असेल तर बॅटरी, टायरमधली हवा आणि पेट्रोल यांच्याकडे लक्ष द्यावं. तीन महिन्यांच्या वर जाणार असेल तर पुढे दिलेलं सगळंच करावं. यातलं बरंचसं अर्ध्या दिवसात उरकतं.

"अधूनमधून पाच मिनिटं चालू करून ठेवा"

शेजाऱ्याला किल्ली देताना हमखास दिला जाणारा हा सल्ला. देणाऱ्याच्या मनात गाडीचं भलंच असतं, पण त्याने नुकसान होतं. कसं ते आकड्यांत पाहू.

कार कुलूप लावून उभी असतानाही तिची थोडी वीज खर्च होत असते. किल्लीचा सिग्नल ऐकणारं सेंट्रल लॉकिंग, अलार्म, घड्याळ, इंजिनचा कॉम्प्युटर हे सगळं मिळून साधारण ३० मिलिअँपिअर ओढतं. म्हणजे दिवसाला ०.७ अँपिअर-तास, आठवड्याला ५. लहान कारची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांची. आता रविवारी कुणी पाच मिनिटं इंजिन चालू केलं, तर जागेवरच्या संथ गतीत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग, त्या पाच मिनिटांत फार तर एक अँपिअर-तास परत भरतो. आठवड्याला पाच गेले आणि एक आला. बॅटरी उतरतच राहते, फक्त ती उतरतेय हे उशिरा कळतं.

दुसरं नुकसान पाण्याचं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं. चालत्या गाडीचा सायलेन्सर तापलेला असल्याने ते वाफ होऊन निघून जातं. गार इंजिन जागेवर दहा मिनिटं चालवलं तर साधारण शंभर मिलिलिटर, म्हणजे अर्धी वाटी पेट्रोल जळतं आणि तेवढंच पाणी होतं. त्यातलं काही टपटप बाहेर पडताना दिसतं, काही सायलेन्सरच्या पोटात साचतं. पिस्टनच्या कडेने निसटणारी वाफ थेट ऑइलमध्ये उतरते. गार इंजिनला पेट्रोलही जास्त लागतं आणि न जळलेलं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं. असं दर रविवारी केलं तर सहा महिन्यांनी ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, पिवळट साय धरलेली दिसते.

म्हणून मार्ग दोनच. गाडी नीट चालवता येत असेल तर दर पंधरा दिवसांनी पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवावी. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे गाडी तापली असं नव्हे. कूलंट तापल्यावर ऑइल तापायला जवळपास तेवढाच वेळ आणखी लागतो, म्हणून फेरी निदान २५-३० मिनिटांची हवी. तेवढं करणारं कुणी नसेल तर गाडीला हातच लावू नये आणि ती नीट तयारीनिशी उभी करावी. शेजाऱ्याला किंवा वॉचमनला किल्ली देताना हे स्पष्ट सांगावं: वीस किलोमीटर फिरवता येत असेल तर फिरवा, नाहीतर किल्ली लावू नका.

शेवटची फेरी

तयारीची बरीच कामं एकाच फेरीत होतात. सकाळी निघून आधी गॅरेज, मग पेट्रोल पंप, मग घर.

गॅरेजमध्ये ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून घ्यावा. "गाडी उभीच राहणार, आल्यावर बदलू" असं सगळेच म्हणतात, पण ते उलटं आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली आम्लं आणि ओल असते, आणि सहा महिने तेच बेअरिंगवर बसून राहतं. जुनं ऑइल इंजिन गरम असतानाच काढावं, म्हणजे तळाचा गाळही त्याच्याबरोबर येतो. शंभर सीसीच्या मोटारसायकलला लिटरच्या आतबाहेर ऑइल लागतं, लहान कारला तीन-साडेतीन लिटर. नक्की माप आणि ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत असतं, तेच पाळावं. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर तेही आत्ताच बदलून घ्यावं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्या पाण्याने ब्रेकचे पिस्टन आतून गंजून अडकतात.

पंपावर टाकी भरावी आणि चाकांत हवा वाढवून घ्यावी. दोन्हीची कारणं पुढे येतील. घरी येताना शेवटची पाच मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा जोरात ठेवावा. एसीच्या जाळीवर साठलेलं पाणी त्याने सुकतं. ते राहिलं तर बंद गाडीत बुरशी धरते आणि पहिल्या दिवशी काच वर केली की कुबट वास येतो.

बॅटरी

उभ्या गाडीत सगळ्यांत आधी मरते ती बॅटरी. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि गाड्या दोन-अडीच महिने जागेवर राहिल्या, तेव्हा हा अनुभव एकाच वेळी असंख्य घरांनी घेतला.

बॅटरी उतरणं आणि बॅटरी मरणं यांत फरक आहे. वीज खर्च होते तेव्हा आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा मऊ थर बसतो. लगेच चार्ज केलं तर तो विरघळून जातो. उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे राहिली तर मात्र पाक थंड होत जाऊन त्यात खडे धरावेत तसे त्या थराचे स्फटिक मोठे आणि टणक होत जातात. मग चार्जर लावला तरी ते विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. म्हणून बॅटरी उतरू न देणं हेच खरं काम. उतरल्यावर चार्ज करणं हा उपाय नाही, ती धडपड आहे.

कारच्या बॅटरीचा निगेटिव्ह, म्हणजे वजाचा टर्मिनल काढून ठेवला तर वर सांगितलेला आठवड्याचा पाच अँपिअर-तासांचा खर्च थांबतो. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. काढताना आधी वजा, मग अधिक. लावताना आधी अधिक, मग वजा. हा क्रम शिस्तीसाठी नाही. गाडीची सगळी बॉडी वजाला जोडलेली असते. आधी अधिकचा नट सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर त्या पान्यातून शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात, पाना लाल होतो. वजा आधी सुटलेला असेल तर पाना कुठेही टेकला तरी काही होत नाही. सुटलेली वायर कापडात गुंडाळून बाजूला सारावी, नाहीतर स्प्रिंगसारखी उसळून परत टर्मिनलला चिकटते.

बटणाने चालू होणारी गाडी असेल तर आधी एक गोष्ट पाहून ठेवा. बॅटरी सुटल्यावर रिमोट चालत नाही. रिमोटच्या पोटात एक बारीक धातूची किल्ली असते, ती बाहेर काढून ड्रायव्हरकडच्या दाराला चालते ना हे तपासा. कारण बॉनेट उघडायचा खटका आत असतो, आणि दार उघडलं नाही तर बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. डिकीही विजेवर उघडत असेल तर तिच्यात लागणाऱ्या वस्तू ठेवू नका.

वायर काढली तरी बॅटरी आतल्या आत उतरतेच, महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे पूर्ण चार्ज केलेली, वायर काढलेली चांगली बॅटरी चार-पाच महिने सहज तग धरते. त्यापुढे एकदा चार्ज लागतो.

मोटारसायकलची बॅटरी लहान असते. शंभर सीसीला, स्कूटरला तीन ते पाच अँपिअर-तासांची. ती काढून घरात कोरड्या, सावलीतल्या जागी ठेवावी आणि दर महिना-दीड महिन्याने चार्ज करावी. इथे एक चूक वारंवार होते. कोपऱ्यावरच्या दुकानात कारच्या बॅटऱ्यांच्या रांगेतच ही बॅटरीही पाच अँपिअरवर रात्रभर लावली जाते आणि सकाळी फुगलेली मिळते. नियम सोपा आहे: बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट. चार अँपिअर-तासाच्या बॅटरीला ०.४ अँपिअर, पस्तीसच्या बॅटरीला साडेतीन. मोटारसायकलसाठीचे छोटे स्वयंचलित चार्जर मिळतात, बॅटरी भरली की ते आपोआप कमी दाबावर येतात. गाडी कायमच कमी वापरात असेल तर तो घेऊन ठेवावा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळ गॅस किंवा समई नको.

बॅटरीची तब्येत मल्टिमीटरने कळते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजायचं. १२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. बाराच्या खाली गेली असेल तर त्याच दिवशी चार्जिंगला लावा. पाण्याची बॅटरी असेल तर पातळी बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, सुकवून वर व्हॅसलीनचा बोट फिरवा.

बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, खाली लाकूड लागतं, असं अजून सांगितलं जातं. लाकडी आणि रबरी पेट्यांच्या काळात त्यात तथ्य होतं. आजच्या प्लास्टिकच्या बॅटरीला फरशीवर काहीही होत नाही.

पेट्रोल

आपल्याकडे २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता तेच सर्वत्र मिळतं. इथेनॉल पाण्याला ओढून घेतं. टाकीच्या झाकणाला हवेची वाट असते. दिवसा टाकी तापते, आतली हवा बाहेर जाते, रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत येते. टाकी अर्धी रिकामी असेल तर रोज तेवढी जास्त ओली हवा आत. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर करतात. पंप किंवा कॉक पेट्रोल ओढतो तो तळातूनच, म्हणजे इंजिनला आधी हेच जातं. मोटारसायकलची टाकी पत्र्याची असेल तर त्या थरापाशी गंज सुरू होतो.

म्हणून सहा महिन्यांपर्यंत गाडी ठेवायची तर टाकी भरून ठेवावी. हवेला जागा कमी, ओलीला वाव कमी. भरताना पंपाचा नोझल आपोआप थांबेल तिथेच थांबा. गळ्यापर्यंत भरलं तर उन्हात फुगून बाहेर येतं. वर्षभर किंवा त्याहून जास्त ठेवायची असेल तर हिशोब उलटा: मोटारसायकलची टाकी पूर्ण रिकामी करून, सुकवून, आत थोडं इंजिन ऑइल सगळीकडे फिरवून झाकण लावावं.

पेट्रोल शिळं होण्याचं दुसरं कारण असं की त्यातले हलके, लवकर पेटणारे भाग आधी उडून जातात, आणि गार इंजिन चालू होतं ते त्यांच्याच जोरावर. दोन-तीन महिन्यांत फारसा फरक पडत नाही. त्यापुढे गाडी चालू व्हायला कुरकुरते. पेट्रोल टिकवणारं रसायन बाटलीत मिळतं. ते घालायचं असेल तर टाकी भरायच्या आधी, बाटलीवरच्या मापानेच घाला आणि मग गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे ते नळ्यांतही पोचेल.

एप्रिल २०२० च्या आधीच्या बहुतेक मोटारसायकलींना कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, आहे आणि खरी अडचण तिथे होते. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल कायम साठलेलं असतं. ते उडून गेलं की मागे चिकट, व्हार्निशसारखा थर राहतो. गाडी संथ चालते तेव्हा पेट्रोल ज्या पायलट जेटमधून जातं, त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. जेट काढून उजेडासमोर धरला तर स्वच्छ भोकातून टाचणीच्या टोकाएवढा गोल प्रकाश दिसतो. सहा महिने उभ्या राहिलेल्या गाडीत तोच प्रकाश पिवळसर, वाकडातिकडा दिसतो किंवा दिसतच नाही. मग गाडी चोक ओढून चालू होते, चोक सोडला की बंद पडते, आणि प्लग, कॉइल, बॅटरी सगळं बदलून झालं तरी दुखणं तिथेच राहतं. जेट साफ करताना तार किंवा सुई घालू नये. भोक जराही मोठं झालं तर मायलेज कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि कंप्रेसरची हवा, एवढंच.

हे टाळणं मात्र फार सोपं आहे. घरी आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. नंतर वाटीच्या तळाचा छोटा ड्रेन स्क्रू ढिला करून उरलेलं पेट्रोल बाटलीत उतरवा आणि स्क्रू परत आवळा. काही स्कूटरना हाताने बंद करायचा कॉक नसतो, तिथे नुसता ड्रेन स्क्रू सोडवला तरी चालतं. इंजेक्शनच्या गाडीला यातलं काही करायचं नाही, तिची यंत्रणा बंदिस्त असते.

डिझेल पेट्रोलएवढं उडत नाही, पण त्याच्या तळाशी पाणी साचलं की तिथे जिवाणू-बुरशीचा काळा चिकट गाळ वाढतो आणि फिल्टर चोंदतो. टाकी भरून ठेवावी आणि फिल्टरखालच्या नळीतून पाणी सोडून द्यावं.

चाकं आणि ब्रेक

टायर महिन्याला एक-दोन पीएसआय हवा सोडतोच. कंपनीने ३३ सांगितली असेल तर ३८-४० भरावी. टायरच्या बाजूवर कमाल मर्यादा छापलेली असते, ती ओलांडू नये. हवा कमी असलेल्या टायरवर गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो. थोडा चपटेपणा वीस किलोमीटर चालवल्यावर जातो, जुना टायर असेल तर राहतो आणि साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मोटारसायकल मेन स्टँडवर ठेवून पुढच्या चाकाला इंजिनखाली लाकडी ठोकळ्याचा आधार दिला की हा प्रश्नच मिटतो. साइड स्टँडवर सहा महिने ठेवू नये.

हँडब्रेक ओढून ठेवू नये. मागच्या ड्रममध्ये लायनर, म्हणजे ब्रेकचा घासणारा भाग, लोखंडाला दाबून बसलेला असतो, त्यात ओल शिरली की दोन्ही गंजाने जोडले जातात. पावसाळ्यात तर यासाठी तीन आठवडेही पुरतात. गाडी सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, ऑटोमॅटिक असेल तर "पी" मध्ये, आणि चाकांच्या पुढे-मागे लाकडी पाचरी किंवा विटा लावाव्यात.

ओल, उंदीर आणि कुंभारीण

हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड वेगाने गंजू लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर ती बरेचदा पंच्याऐंशीच्याही वर असते, आणि समुद्राजवळ हवेतलं मीठ त्यात भर घालतं. मडगार्डच्या आत चिकटलेला चिखल ओला बोळा लावल्यासारखं काम करतो, म्हणून गाडी खालूनही धुवावी आणि चांगलं ऊन देऊन पूर्ण सुकवावी. चेन रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन, पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल लावावं. रिम, स्पोक, क्रोम आणि सायलेन्सरवर ऑइलचा पातळ हात फिरवावा. डिस्कला आणि टायरला मात्र ऑइलचा थेंबही लागू देऊ नये.

तीन महिन्यांच्या वर ठेवायच्या मोटारसायकलचा प्लग काढून आत एक छोटा चमचा इंजिन ऑइल सोडावं, भोकावर फडकं धरावं आणि किल्ली बंद ठेवून सात-आठ सावकाश किका माराव्यात. सिलिंडरच्या भिंतीवर त्याचा थर बसतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटत नाहीत.

कव्हर कापडी, हवा खेळणारं घ्यावं. प्लास्टिकची ताडपत्री थेट गाडीवर टाकली की जमिनीची वाफ आत कोंडते. सकाळी उचललीत तर खालची बाजू ओली लागते आणि सीटवर पांढरी बुरशी असते. पावसाचा मारा असेल तर ताडपत्री वर हातभर अंतरावर बांबूवर बांधावी, गाडीला लपेटू नये. जमीन मातीची असेल तर ताडपत्रीचा खरा उपयोग गाडीच्या खाली अंथरायला आहे. झाडाखाली कार ठेवू नका. पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साचून पाण्याची वाट बंद होते आणि पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरतं.

उंदरांवर रामबाण असं काही नाही. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या यांचा वास आठ-पंधरा दिवसांत उडतो. जास्त फायदा होतो तो गाडीत बिस्किटाचा कणही न ठेवल्याने, एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी बसवल्याने, आणि बंद गॅरेज असेल तर बॉनेट उघडं ठेवल्याने. उंदराला अंधार आणि आडोसा हवा असतो. दर पंधरा दिवसांनी कुणी फक्त बॉनेट उघडून डोकावलं तरी वायरी कुरतडायला लागल्याचं वेळेत कळतं.

सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते. गाडी पूर्ण गार झाल्यावर तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बोळा घालावा आणि हँडलला किंवा स्टिअरिंगला लाल फडकं बांधून चिठ्ठी लावावी: "सायलेन्सरमध्ये बोळा, जाळी लावली आहे, वजा वायर काढली आहे." सहा महिन्यांनी यातलं काहीही आठवत नाही.

विजेवरची गाडी आणि कागद

इलेक्ट्रिक स्कूटर-कारची लिथियम बॅटरी १०० टक्के भरून ठेवू नये आणि शून्याजवळही नाही. पन्नास-साठ टक्क्यांवर, सावलीत ठेवावी आणि महिन्याला एकदा आकडा बघावा. तिच्यात १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

गाडी उभी आहे म्हणून विमा थांबवू नका. चोरी, आग, पडलेलं झाड, पुराचं पाणी यांची भरपाई स्वतःच्या नुकसानीचा समावेश असलेल्या विम्यातूनच मिळते, नुसत्या थर्ड पार्टीतून नाही. आणि विमा संपून ९० दिवस उलटले तर साठवलेला नो क्लेम बोनस जातो.

पुन्हा चालू करताना

घाई केली तर सहा महिन्यांची काळजी पाच मिनिटांत वाया जाते. आधी चिठ्ठी वाचा. बोळा काढा, जाळी काढा, एअर फिल्टरचं झाकण उघडून आत घरटं नाही ना ते पाहा. वायरींवर दातांचे ठसे शोधा. ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा. हवा कंपनीने सांगितली तितकी करा. बॅटरी पूर्ण चार्ज करूनच लावा.

पार्किंगमध्ये पुराचं पाणी येऊन गेलं असेल, जसं जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलं होतं, तर यातलं काहीच करू नका. बॅटरीही जोडू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आणि सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी.

कार असेल तर किल्ली फक्त "ऑन" करून तीन सेकंद थांबा, बंद करा, असं दोन-तीनदा. पंप नळ्यांत पेट्रोलचा दाब भरतो. मग सेल्फ मारा, पण एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. मोटारसायकलला किल्ली बंद ठेवून आठ-दहा किका आधी माराव्यात. किक नसेल तर मेन स्टँडवर, शेवटच्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने फिरवावं, म्हणजे ऑइल वर चढतं. प्लगमधून ऑइल सोडलं असेल तर पहिली काही मिनिटं निळसर धूर येतो, सायलेन्सरवर लावलेलंही जळून वास येतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ऑइलचा दिवा मात्र काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद करा. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं अ‍ॅक्सिलरेटर पिळू नका.

चाक अडकलं असेल तर जोर लावून ओढू नये. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये आलटून पालटून हलका झोका द्या, किंवा ड्रमवर लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोका. टप्प असा आवाज होऊन लायनर सुटतो. डिस्कवरचा तांबूस गंज पहिल्या दहा-बारा ब्रेकांत घासून जातो. ते ब्रेक मोकळ्या रस्त्यावर, वीसच्या वेगात मारून पाहा आणि मगच वाहतुकीत शिरा.

टाकी उघडल्यावर पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येत असेल आणि रंग गडद झाला असेल, तर ते काढून टाकावं. वास ठीक असेल तर तेच वापरावं आणि टाकीत जागा होईल तसं नवीन पेट्रोल मिसळत जावं.

पहिल्या फेरीनंतर रात्री गाडीखाली एक पसरट पुठ्ठा सरकवून ठेवा. सुकलेले सील गळायला लागले असतील तर सकाळी पुठ्ठ्यावर दिसतं. पुढे प्रवाशाच्या बाजूला स्वच्छ पाण्याचा ओलावा असेल तर तो एसीचा. मधोमध काळपट डाग इंजिन ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी गोडसर वासाचा कूलंटचा. चाकाजवळ बोटाला तेलकट लागणारा फिकट पिवळा डाग दिसला तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो. त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.